हैदराबादचा किराया कायदा आणि आपले वाडे

बिदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद येथील जुन्या मराठी घराण्यांच्या दप्तरांत जमिनीच्या कागदांखाली बहुधा एक लहानसे बाड आढळते. त्यात किरायानामे आणि किरायाच्या पावत्या असतात. कुळकायद्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले, कारण त्यात इस्टेटी गेल्या. वाड्यातील खोल्या आणि दर्शनी दुकाने यांची कथा मात्र त्या गलबल्यात मागे पडली.

हैदराबाद संस्थानात घरभाड्यावर नियंत्रण आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, फसली 1353 च्या, म्हणजे इसवी सन 1943-44 च्या हुकुमाने. त्या वेळचा किराया हाली सिक्क्यात होता. सात हाली म्हणजे सहा कलदार. चलन बदलल्यावर पावतीवरील आकडा लहान झाला, आणि आजोबांनी किराया कमी करून दिला अशी नातवंडांची समजूत झाली!

1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. पुढे बी. रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, 1954 साली, हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व पट्टा) नियंत्रण कायदा झाला. वेळेवर किराया देणाऱ्यास मालकाच्या केवळ लहरीवर घराबाहेर काढता येणार नाही, हे त्याचे सार. हेतुपुरस्सर थकबाकी, संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, वास्तूचे नुकसान, मालकाची खरीखुरी गरज, अशी कारणे नियंत्रकापुढे सिद्ध करावी लागत. गावोगावी बदलून जाणाऱ्या शिक्षक-कारकुनांना हा मोठाच आधार होता.

दोनच वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, संस्थानाची त्रिभाजणी झाली. आपल्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेडचा भाग आंध्रात, उरलेला म्हैसुरात. कायदा प्रथम तिन्ही ठिकाणी तोच राहिला. नंतर आंध्राने 1960 मध्ये आणि म्हैसूरने 1961 मध्ये स्वतःचे कायदे केले. मराठवाड्यात मात्र हैदराबादचा कायदा 31 मार्च 2000 पर्यंत टिकला. एकाच घराण्याचे उदगीरचे घर सेहेचाळीस वर्षे त्या कायद्याखाली राहिले आणि भालकीचे जेमतेम सात.

म्हैसूरचा कायदा अधिक कडक होता. घर रिकामे झाले की पंधरा दिवसांत मालकाने नियंत्रकास कळवायचे. नवा भाडेकरू कोण, हे ठरविण्यात सरकारचाही हात असे. निष्कासनाचा दावा दिवाणी न्यायालयात चाले. मालकाची गरज सिद्ध झाली, तरी हाल कोणाचे अधिक होतील, हे न्यायालयास तोलून पाहावे लागे. माझ्या मते त्या कायद्यातील सर्वांत माणुसकीचे कलम हेच, आणि दावे लांबविण्यास सर्वांत सोयीचेही हेच. सोलापूर-लातूरला स्थायिक झालेल्या मालकाला भालकीच्या वाड्याची गरज पटवून देणे सोपे नव्हते.

खरी झीज झाली ती वास्तूंची. माळवदावर पावसाळ्यापूर्वी माती टाकावी लागते. गोठलेल्या किरायातून मजुरीही सुटत नाही, म्हणून मालक हात आखडतो. घर आपले नव्हे, म्हणून भाडेकरू स्वस्थ बसतो. वास्तविक मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 108 व्या कलमाने मार्ग दिलेला आहे: पत्करलेली दुरुस्ती मालक सूचना देऊनही करीत नसेल, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च किरायातून वळता करावा. त्याच कलमाने, वापराची साधारण झीज सोडता, घर मिळाले तसे परत करणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. दोन्ही बाबी किरायानाम्यात क्वचितच लिहिलेल्या आढळतात.

भाडे वर्षानुवर्षे गोठवून ठेवणे सर्वोच्च न्यायालयासही खटकले. मुंबईच्या 1947 च्या कायद्यातील तशा तरतुदी आता अवाजवी ठरल्या आहेत, असे त्याने डिसेंबर 1997 मध्ये म्हटले. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढ दिली. कर्नाटकाचा 1999 चा कायदा 31 डिसेंबर 2001 पासून अमलात आला. मोठ्या शहरांत साडेतीन हजारांहून आणि अन्यत्र दोन हजारांहून अधिक मासिक भाड्याची घरे त्याने कक्षेबाहेर ठेवली. म्हणजे आज बहुतेक घरे करारावर आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्यावरच चालतात. या कायद्याखालील भाडेकरूच्या मृत्यूनंतर वारसांचा हक्क पाच वर्षांपुरता केला. विधवा, अपंग आणि पासष्टी गाठलेल्या मालकांसाठी ताबा मिळविण्याची त्वरेची वाट ठेवली. आपल्या सभासदांपैकी कितीतरी जण या शेवटच्या वर्गात मोडतात, आणि त्यांना ती वाट ठाऊक नसते.

दोन्हीकडे घरे असलेल्यांनी एक भेद ध्यानी घ्यावा. उदगीरचा भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय करार नोंदलेला नसेल, तर उलट सिद्ध होईतो भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात.