बंद शाळा आणि बेटांवरील घरे : फिलिपाईन्स, २०२०–२२

फिलिपाईन्स हे ७,६४१ बेटांचे राष्ट्र होय. तेथील लहान बेटांवर शाळा ही केवळ अध्यापनाची जागा नसते. दुर्बल मुलांचा पूरक आहार आणि घरच्या बोलीहून निराळ्या भाषांचा परिचय या गोष्टीही तिच्याच द्वारे घडतात. कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ही सारी कार्ये एकाएकी कुटुंबाच्या पदरी आली. त्यांचा भार सर्वांवर सारखा पडला नाही, आणि त्याची कारणे शोधताना भाषेचा विचार टाळता येत नाही.

५ ऑक्टोबर २०२० रोजी शालेय वर्ष सुरू झाले, ते वर्ग न भरविताच. नभोवाणी, दूरचित्रवाणी व इंटरनेट ही साधने योजण्यात आली. तथापि जेथे वीज व मोबाईलचे जाळे यांची शाश्वती नव्हती, तेथे छापील पाठपुस्तिकांवरच भिस्त राहिली. पालकांनी त्या आणावयाच्या, मुलांकडून सोडवून घ्यावयाच्या व परत पोचवावयाच्या, असा क्रम ठरला. त्यात घरी शिकविणारे कोणी आहे, हे गृहीत होते. मासेमारीवर पोट असलेल्या घरात ते गृहीत बहुधा टिकत नाही.

आहाराचेही तसेच झाले. २०१८ च्या कायद्यान्वये कुपोषित विद्यार्थ्यांस वर्षातून किमान १२० दिवस पूरक आहार द्यावयाचा होता. वर्ग बंद असता तो शिध्याच्या रूपाने पालकांच्या हाती देण्यात आला. परंतु गरीब घरी आलेला शिधा एका मुलाचा राहत नाही, तो साऱ्या घराचा होतो.

भाषेची अडचण याहून सूक्ष्म होती. २०१३ च्या कायद्याने बालवर्गापासून तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण देण्याचे ठरले होते व त्यासाठी १९ भाषा मान्य झाल्या होत्या. नैर्ऋत्येकडील तावी-तावी द्वीपसमूहात सामा लोक जी सिनामा भाषा बोलतात, तिचा त्यांत समावेश नव्हता. वर्ग भरत असता ही उणीव शिक्षकास तोंडी भरून काढता येते. पाठ एका भाषेत, समजावणी दुसरीत. छापील पुस्तिकेस ते साधत नाही. ज्या मातापित्यांस फिलिपिनो वा इंग्रजी वाचता येत नव्हते, त्यांच्या मुलांपुढे केवळ कागद उरला.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी १०० सरकारी शाळांत प्रायोगिक वर्ग भरले. महिन्याभरातच, १६ डिसेंबरला, ‘राय’ वादळाने सियारगाव व दिनागत बेटांवरील घरांसह शाळाही मोडल्या. सरकारी शाळा पूर्ववत भरू लागल्या त्या २ नोव्हेंबर २०२२ पासून.

त्याच वर्षी जागतिक बँकेने असा अंदाज वर्तविला की, तेथील दहा वर्षांच्या सुमारे ९१ टक्के मुलांस वयास साजेसा साधा मजकूर वाचून समजत नाही. हे प्रमाण साथीपूर्वीही मोठेच होते. म्हणून सारा दोष बंद शाळांस देणे न्याय्य होणार नाही. शाळाबंदीने जुनी उणीव उघडी पाडली, एवढे मात्र निश्चित. पुढे २०२४ च्या कायद्याने मातृभाषेतून शिकविण्याची सक्तीही उठविण्यात आली. पुन्हा तसा प्रसंग आल्यास सिनामा बोलणाऱ्या घराच्या हाती कोणत्या भाषेतील पुस्तिका पडेल, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णितच आहे.