स्वयंपाकघरातला बालवर्ग

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेच्या दिवशी दुपारी आमच्याकडे चकल्यांचा घाट चालला होता. सून सोऱ्याने चकल्या पाडीत होती, मी तळणीपाशी उभी होते आणि चार वर्षांची नात चकल्या मोजीत होती. दहा चकल्या झाल्या की एक चिंचोका वाटीत टाकायचा, असा तिच्या आईने नियम घालून दिला होता. वाटीत तीन चिंचोके जमले असताना शेजारच्या एक बाई आल्या. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्यांनी सुनेला विचारले, "नोकरी सोडलीस म्हणे? मग सध्या काय करतेस?"

सून हात पुसत म्हणाली, "काही नाही हो, घरीच असते."

तिच्या पाठीमागे फ्रिजच्या दारावर तिनेच लिहिलेले वेळापत्रक चिकटवलेले होते. पहाटे साडेपाचला उठणे, डबा, कणीक, नातीचे दूध, नऊ ते दहा रंग आणि आकार, दहा वाजता दोघींनी मिळून भाजी निवडणे, अकराला गोष्ट, मग जेवण, झोप, संध्याकाळी बागेत पाने गोळा करणे, पुन्हा स्वयंपाक. तो कागद पाहून कोणालाही वाटावे की या घरात एक खाणावळ व एक शाळा चालते, आणि दोन्ही एकच बाई चालवते. तरीही उत्तर काय, तर "काही नाही"!

ते वाक्य मला नवे नव्हते. मी स्वतःच ते एकदा उच्चारले होते.

सन १९५८ च्या जूनमध्ये वडिलांचे बोट धरून मी कऱ्हाडच्या एका शाळेत पहिलीत नाव घालायला गेले. मास्तरांनी मला अंक म्हणायला सांगितले, पाटीवर अक्षरे काढायला लावली. मला सारे येत होते. मास्तर खूष झाले. मग त्यांनी विचारले, "वडील काय करतात?" मी म्हटले, "कचेरीत कारकून आहेत." "आणि आई?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "काही नाही. घरीच असते." मास्तरांनी मान डोलावली आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

आता त्या "घरीच असते"चा थोडा हिशेब मांडते. आई पहाटे पाचला उठे. अंगणात सडा घालून ती ठिपक्यांची रांगोळी काढी. ठिपके मी द्यायचे. पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच. एक जरी ठिपका चुकला तरी कमळ वाकडे होई, आणि चूक कुठे झाली ते माझे मीच शोधायचे. मग बंबात ढलप्या, चुलीवर दूध, जात्यावर थोडे दळण. डाळ-तांदूळ निवडताना माझ्यापुढे सुपातला एक कोपरा असे. खडे वेगळे, गणंग वेगळे, धान्य वेगळे. भाकरीसाठी परातीत पीठ घेतले की मळण्यापूर्वी ती बोटाने त्यात एक अक्षर काढी आणि मी ते गिरवीत असे. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे होती. आमच्या घरी पिठाक्षरे होती एवढाच फरक. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली ही कोष्टके मी पाठ केली नाहीत. धान्य भरता भरता ती हातातच बसली.

एक धडा मात्र आम्ही दोघी बरोबरच शिकलो. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे सुरू झाले. तोवर रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे. आता ते शंभर झाले. पावलीचे पंचवीस होत हे ठीक. पण दोन आण्यांचे साडेबारा होत आणि हाती बाराच पडत. तो अर्धा पैसा जातो कुठे, हा प्रश्न आईला कित्येक दिवस छळत होता. चुलीपुढे कोळशाने जमिनीवर आकडे मांडून ती मला समजावी, आणि मला समजावताना स्वतः समजून घेई.

पुढे मोठी झाल्यावर मी बालशिक्षिकेच्या अभ्यासवर्गाला गेले. तेथे पेस्टालॉझी या थोर स्विस शिक्षणतज्ज्ञाची ओळख झाली. त्याने १७८१ मध्ये एक कादंबरी लिहिली. तिची नायिका गर्ट्रूड ही खेड्यातली एक गरीब आई. घरात चरख्यावर सूत काततानाच ती मुलांना शिकवते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती पावले, खिडकीला किती तावदाने, यावरून तिची मुले गणित शिकतात. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमची रांगोळी आली. पुढे १८०१ मध्ये पेस्टालॉझीने आपली शिक्षणपद्धती सांगणारा ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिले 'गर्ट्रूड आपल्या मुलांना कसे शिकवते'. मौज अशी की नावापुरती गर्ट्रूड वरती असली तरी त्या ग्रंथात ती जवळजवळ भेटतच नाही. आईच्या कामाचे शास्त्र झाले, पण आई मुखपृष्ठावरच राहिली.

त्याच्याकडे जाऊन राहिलेल्या फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या शाळेला 'बालकांची बाग' असे नाव दिले, आणि १८४४ मध्ये आयांसाठी बोटांच्या खेळांचे व गाण्यांचे पुस्तक काढले. १९०७ मध्ये रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मादाम माँटेसरींचे पहिले बालगृह उघडले. आईबाप दोघेही कामावर जात आणि मागे राहिलेली मुले चाळीच्या भिंती व जिने खराब करीत. त्यांना कोठे तरी गुंतवावे, एवढाच मूळ हेतू. त्या बालगृहात मुले काय करू लागली? पाणी ओतणे, केर काढणे, टेबल मांडणे, गुंड्या लावणे. अभ्यासवर्गात आम्हाला ही 'जीवनव्यवहाराची कामे' म्हणून शिकवली गेली. एका भांड्यातून दुसऱ्यात धान्य ओतण्याचा पाठ मला द्यायला लावला, तेव्हा मला हसू आवरेना.

आपल्याकडे हे वारे आणले ते प्रामुख्याने गिजुभाई बधेका यांनी. ते व्यवसायाने वकील. मुलगा झाल्यावर त्याला कसे शिकवावे या विचारातून ते माँटेसरीकडे वळले, आणि १९२० मध्ये त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई म्हणत. पुरुषाने लहान मुलांना शिकवले की त्याला आईची पदवी मिळते. आईने शिकवले तर तिला कोणतीच पदवी मिळत नाही, हे त्या वयात माझ्या लक्षात आले नव्हते.

त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला. परंतु त्यांचे मोठेपण मला दिसते ते पुढच्या कामात. १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये दोघींनी आपले काम कोसबादच्या टेकडीवर नेले. माँटेसरीची महागडी साधने तेथे कोण आणणार? त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने घेतली. आदिवासी मुले शाळेत येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कोणाला गुरे चारायची असत. तेव्हा या दोघींनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरांमागे असलेल्या मुलांसाठी कुरणातच कुरणशाळा भरू लागली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा मराठी शब्द देशभर गेला.

अभ्यासवर्ग संपवून घरी आल्यावर मी हे सारे मोठ्या उत्साहाने आईला सांगितले. म्हटले, "तू जे करत होतीस, तेच ही मोठी माणसं सांगतात." आई पोळी लाटीत होती. ती म्हणाली, "अगं, मी कसलं शिकवते! तू चुलीजवळ लुडबुडू नयेस, म्हणून तुझ्यापुढे डाळ ठेवत होते."

मी हिरमुसले. पण पुढे पस्तीस वर्षे बालवाडी चालवल्यावर त्या उत्तरात किती खरेपणा आहे ते कळले. सान लोरेंझोलाही मुलांनी लुडबुड करू नये म्हणूनच सुरुवात झाली होती! मुलाला खोटे काम दिले की ते कंटाळते. घरच्या खऱ्या कामातला एक कोपरा दिला की तासभर रमते.

मात्र याला दुसरी बाजूही आहे. आमच्या घरी निवडायला डाळ होती आणि आई घरी होती. जी पहाटे गवत कापायला जाते, तिने मुलापुढे कोणते सूप ठेवावे? "आईच उत्तम शिक्षिका" असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना कोसबादने दिलेले उत्तर मला पटते. घरातले चांगले जे असेल ते अंगणात आणा, म्हणजे ते साऱ्यांच्या मुलांना मिळेल.

आणि घरातल्या त्या कामाची मोजदाद? १९६१ पासून २०११ पर्यंतच्या जनगणनांत केवळ घरकाम करणारी स्त्री 'काम न करणारी' या सदरात गेली. दिवसाचा वेळ लोक कसा घालवतात याची देशव्यापी सरकारी पाहणी २०१९ मध्ये झाली, तेव्हा घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला वेळ सरासरी दिवसाला २९९ मिनिटे भरला, पुरुषांचा ९७. मुलांचे व वडीलधाऱ्यांचे करण्यात जातो तो वेळ वेगळाच. मिनिटे मोजली गेली हेही थोडे नव्हे. परंतु रांगोळीचे पंचवीस ठिपके कोणत्या रकान्यात लिहावेत, ते मला अजून उमगलेले नाही.

शेजारच्या बाई गेल्यावर मी सुनेला म्हटले, "काही नाही कशाला म्हणालीस?" ती म्हणाली, "मग काय सांगू, आई? एवढं सगळं कुठे सांगत बसू?" तिचेही खरे होते. तेवढ्यात नातीने वाटीतले चिंचोके पुढे केले. "पाच झाले. म्हणजे पन्नास!"

माझे ते मास्तर आता नाहीत, आईही नाही. पहिलीतले माझे एक उत्तर चुकले होते, ते दुरुस्त करायचे राहून गेले. आज करते. माझी आई स्वयंपाक करीत असे, आणि मला शिकवीत असे.