क्रीडारसिक व क्रीडाहंगाम

क्रीडारसिक व क्रीडाहंगाम : खेळात स्वतः भाग न घेता त्याचे सामने पाहणारा, वृत्ते वाचणारा वा ऐकणारा, त्यातील डावपेच जाणणारा आणि आवडत्या खेळाडूच्या वा संघाच्या यशापयशाशी मनाने जोडला गेलेला जो प्रेक्षक, त्यास क्रीडारसिक म्हणतात. केवळ करमणुकीसाठी एखादा सामना पाहणारा बघ्या आणि वर्षानुवर्षे खेळाचा मागोवा घेणारा रसिक ह्यांत फरक आहे. रसिकाचा आनंद हा एका सामन्यापुरता नसतो. एक हंगाम संपताना दुसऱ्याची चाहूल लागणे, गतवर्षीच्या स्मृतींशी नव्या वर्षाची तुलना करणे आणि त्यावर इतरांशी वाद घालणे हे त्या आनंदाचे घटक होत. महाराष्ट्रात ह्या आनंदाला ऋतुमानाची, सणवारांची व शेतीच्या कामांची चौकट लाभली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हळूहळू सैल होत गेली. ह्या बदलाचा इतिहास हा क्रीडेच्या इतिहासाइतकाच समाजाच्या इतिहासाचाही भाग आहे.

ऋतुचक्र : ग्रामीण भागात खेळांचा हंगाम सुगीशी निगडित असे. पिके घरात आल्यावर गावोगावच्या यात्रा सुरू होत आणि बहुतेक यात्रांत कुस्त्यांचा फड भरे. लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांनी फडाचा आरंभ होऊन अखेरीस मोठ्या इनामाची निकाली कुस्ती लागे. इनामाची रक्कम गावकऱ्यांच्या वर्गणीतून उभी राही. हलगीच्या तालावर चाललेल्या ह्या कुस्त्या पाहणारा प्रेक्षक डावांचा जाणकार असे. ढाक, घिस्सा, धोबीपछाड हे डाव त्याला नावानिशी ओळखता येत आणि कुस्ती रेंगाळली, तर तो मोठ्याने नापसंती दर्शवी. बैलगाड्यांच्या शर्यती व विदर्भातील शंकरपट ह्यांचाही काळ प्रामुख्याने हिवाळा व उन्हाळा हाच होता.

नागर भागातील हंगाम निराळे होते. मुंबईत पावसाळा संपला, की क्रिकेटचे मोठे सामने सुरू होत व ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालत. घोड्यांच्या शर्यती पावसाळ्यात पुण्यास, तर नोव्हेंबरपासून मुंबईस महालक्ष्मी येथे होत. १९४३ पासून तेथे ‘इंडियन डर्बी’ ही शर्यत भरू लागली. लालबाग, परळ, नायगाव ह्या गिरणगावातील वस्त्यांत हिवाळ्याच्या रात्री विजेच्या दिव्यांखाली कबड्डीचे सामने रंगत. पावसाळ्यात क्रिकेट अशक्य, ही समजूतही मुंबईने मोडीत काढली. डॉ. होरमसजी कांगा ह्यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली ‘कांगा लीग’ परंपरेने जुलै ते सप्टेंबर ह्या काळात, ओल्या व न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर खेळली गेली. चिखलात उसळणारा वा अचानक खाली राहणारा चेंडू खेळून काढणाऱ्या फलंदाजाचे कसब पाहण्यासाठी छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहणारा प्रेक्षक हे मुंबईच्या क्रीडाजीवनाचे एक वैशिष्ट्य ठरले.

ऐतिहासिक आढावा : आधुनिक अर्थाने क्रीडाप्रेक्षकांचा मोठा समुदाय महाराष्ट्रात प्रथम मुंबईच्या क्रिकेट सामन्यांच्या निमित्ताने उभा राहिला. युरोपीय व पारशी ह्यांच्यातील लढतींमधून वाढलेल्या ह्या स्पर्धेत १९०७ मध्ये हिंदू व १९१२ मध्ये मुसलमान संघ सामील होऊन ती अनुक्रमे तिरंगी व चौरंगी झाली. १९३७ पासून ‘इतरेजन’ संघामुळे तिला पंचरंगी रूप आले. जिमखान्यांच्या तंबूंतून सभासद, तर मैदानाभोवती व आसपासच्या झाडांवरून सामान्य लोक हे सामने पाहत. १९३७ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमचे उद्‌घाटन झाल्यावर प्रेक्षकांची पक्की व्यवस्था झाली. परंतु आसनांच्या वाटपावरून वादही उद्‌भवला आणि त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेत उतरला नाही. प्रेक्षागारातील जागा हा केवळ सोयीचा नव्हे, तर प्रतिष्ठेचा प्रश्न असतो, हे ह्या प्रसंगाने दाखवून दिले.

ह्या सामन्यांनी रसिकांपुढे काही अवघड प्रश्नही ठेवले. डावखुरे फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू हे तत्कालीन अस्पृश्य समाजातून आलेले होते. १९०६ मधील युरोपीय संघावरील हिंदू संघाच्या विजयात व १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी मोठी कामगिरी केली. मात्र हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल ह्यांच्याकडे आले. मैदानावर ज्याचा जयजयकार करावयाचा, त्याला मैदानाबाहेर समान लेखावयाचे की नाही, हा प्रश्न ह्या बंधूंच्या कारकीर्दीने प्रेक्षकांसमोर उभा केला. दुसरा प्रश्न धर्मावर आधारलेल्या संघरचनेचा होता. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी ह्या सामन्यांबद्दल नापसंती व्यक्त केली. तरीही प्रेक्षकांची गर्दी लगेच ओसरली नाही. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट ह्यांनी नाबाद २५० धावा केल्यावर ‘इतरेजन’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे ह्यांनी काढल्या. ही लढत पाहणाऱ्या अनेकांच्या मनात खेळाचे प्रेम आणि त्याच्या संघरचनेविषयीची अस्वस्थता ह्या दोन्ही भावना एकत्र नांदत असाव्यात. १९४६ मध्ये ही स्पर्धा बंद पडली.

त्यानंतर रसिकांची निष्ठा रणजी करंडक स्पर्धेतील प्रांतिक संघांकडे वळली. ही स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली होती व तिचा पहिला विजेता मुंबईचा संघ होता. १९४८-४९ च्या हंगामात पुण्याच्या रसिकांना दोन असाधारण सामने पाहावयास मिळाले. पहिल्यात भाऊसाहेब निंबाळकर ह्यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन ह्यांच्या नाबाद ४५२ ह्या तत्कालीन विश्वविक्रमापासून ते नऊ धावा दूर असताना प्रतिपक्षाने सामना सोडून दिला. दुसऱ्या, महाराष्ट्र व मुंबई ह्यांच्यातील उपांत्य सामन्यात दोन्ही बाजूंच्या मिळून २,३७६ धावा झाल्या. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने हा करंडक जिंकला. आकडे व विक्रम तोंडपाठ असणे ही रसिकाची खूण मानली जाऊ लागली, ती ह्याच काळात दृढ झाली.

कुस्ती, कबड्डी व फुटबॉल : कुस्तीच्या प्रेक्षकांसाठी पक्के मैदान बांधण्याचे श्रेय कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडे जाते. रोम येथील प्राचीन रंगमंडल पाहून आल्यावर त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले व ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधला आखाडा व सभोवती चढत जाणारी बैठक ह्या रचनेमुळे सर्वांत मागच्या प्रेक्षकालाही कुस्ती दिसते. १९५२ मध्ये हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्यांनी कांस्यपदक मिळविले. गावच्या फडातील प्रेक्षकाला जागतिक स्पर्धेची जोड मिळवून देणारी ही घटना होती. १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची कुस्ती सुरू झाल्यावर विखुरलेल्या यात्रांच्या हंगामाला राज्यव्यापी शिखर लाभले.

कोल्हापुरातच फुटबॉलचा एक स्वतंत्र रसिकवर्ग वाढला. पाटाकडील, दिलबहार ह्यांसारख्या संघांच्या नावांतील ‘तालीम’ हा शब्द त्यांचे मूळ कुस्तीच्या आखाड्यात असल्याचे सुचवितो. शाहू स्टेडियमवरील सामन्यांत पेठेची अस्मिता पणाला लागते, तर विश्वचषकाच्या काळात त्याच पेठांतून ब्राझील व अर्जेंटिना ह्या देशांचे ध्वज फडकतात. मुंबईत १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स चषक स्पर्धा कूपरेज मैदानाचे आकर्षण होती. हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ती जिंकली. २०००-०१ नंतर ही स्पर्धा बंद पडली व तिच्याबरोबर मुंबईच्या फुटबॉल रसिकांच्या वर्षातील एक ठरलेला काळ नाहीसा झाला. गोव्यात मात्र फुटबॉल हाच लोकप्रिय खेळ राहिला आहे.

हुतूतू किंवा कबड्डी व खोखो ह्या देशी खेळांना विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून नियमबद्ध रूप येऊ लागले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डीचाही समावेश होता. मुंबईतील कबड्डीचा प्रेक्षक बहुतांशी गिरणी कामगार होता. सामन्यासाठी त्याला घरापासून दूर जावे लागत नसे आणि खेळणारे त्याच्याच चाळीतील वा वाडीतील असत. १९८२ च्या गिरणी संपानंतर ही वस्ती विस्कटू लागली व तिच्या क्रीडाजीवनालाही ओहोटी लागली.

वृत्तपत्रे, नभोवाणी व दूरचित्रवाणी : मैदानापासून दूर असलेल्या रसिकाला खेळाशी जोडण्याचे काम प्रथम वृत्तपत्रांनी केले. फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक, पायचीत, त्रिफळाचीत, षटकार असे अर्थवाही मराठी शब्द रूढ झाल्यामुळे इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकालाही क्रिकेटचे वर्णन आपलेसे वाटू लागले. १९३४ मध्ये ए. एफ. एस. तल्यारखान ह्यांनी मुंबईच्या चौरंगी सामन्याचे नभोवाणीवरून समालोचन केले. पुढे महाराष्ट्राचे माजी रणजी खेळाडू बाळ ज. पंडित ह्यांच्या मराठी समालोचनाने खेड्यापाड्यांतील श्रोत्याला मैदानावर नेले. ट्रान्झिस्टरच्या प्रसारानंतर शेतात, दुकानात वा कचेरीत काम चालू असताना सामना ऐकणे शक्य झाले. १९७१ मध्ये अजित वाडेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीज व इंग्लंड येथे मिळालेले मालिकाविजय बहुसंख्य मराठी रसिकांनी डोळ्यांनी नव्हे, तर कानांनी अनुभवले. ऐकलेल्या खेळाचे चित्र मनाशी रेखाटण्याचा आनंद हा त्या पिढीचा विशेष होय.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या आशियाई सामन्यांपासून रंगीत प्रक्षेपण व १९८३ मधील विश्वचषक विजय ह्यांमुळे रसिकांच्या संख्येत फार मोठी भर पडली. मैदानावर जाणे ज्यांना सहसा शक्य नव्हते, अशा स्त्रिया, वृद्ध व दूरच्या गावांतील लोक ह्यांना घरबसल्या सामना पाहता येऊ लागला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा व त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नसल्याचा निर्णय दिला. त्यानंतर प्रक्षेपणाचे हक्क हा मोठ्या व्यापाराचा विषय बनला. सशुल्क वाहिन्यांमुळे सामान्य प्रेक्षक वंचित राहू नये, म्हणून राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीलाही उपलब्ध करून देण्याची सक्ती करणारा कायदा २००७ मध्ये करण्यात आला. प्रेक्षागारातील आसनांवरून १९३७ मध्ये झालेल्या वादाचेच हे निराळे रूप म्हणता येईल.

हंगामांचे बदलते स्वरूप : २००८ मध्ये इंडियन प्रीमिअर लीग सुरू होऊन पूर्वी क्रिकेटच्या विश्रांतीचा मानला जाणारा कडक उन्हाळा हाच त्याचा सर्वांत गजबजलेला काळ झाला. २०१४ पासून प्रो कबड्डी लीगने, तर २०२२ पासून अल्टिमेट खोखोने देशी मातीतील खेळ गादीवर व प्रकाशझोतात आणले. परदेशांतील स्पर्धांचे प्रक्षेपणही बाराही महिने चालू असते. ह्यामुळे रसिकाला खंड पडत नाही; परंतु प्रतीक्षा, जी पूर्वी त्याच्या आनंदाचा अर्धा भाग होती, ती उणावली आहे. मैदानाच्या कडेला उभे राहून विनामूल्य सामना पाहण्याची सवयही क्षीण झाली. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस ढाल स्पर्धेत सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी ह्या शाळकरी खेळाडूंनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. असा खेळ कोणताही गाजावाजा नसताना, जाताजाता थांबलेल्या माणसालाही पाहावयास मिळे, हे मैदानी क्रिकेटचे खरे वैभव होते.

काही परंपरांना न्यायालयीन निर्णयांनीही वळण दिले. २०१४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या. प्राण्यांवरील क्रूरता की ग्रामीण संस्कृतीचा भाग, हा वाद त्यानंतर अनेक वर्षे चालला. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त अनुमती मिळाली व २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला.

सामाजिक महत्त्व : प्रेक्षकांचा उत्साह नेहमीच संयमित राहतो असे नाही. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवरील पहिल्याच कसोटी सामन्यात क्लाइव्ह लॉइड ह्यांच्या द्विशतकानंतर मैदानात धावत आलेल्या एका तरुणास पोलिसांनी मारहाण केल्याने प्रेक्षागारात दंगल उसळली. तथापि परक्या संघाच्या फलंदाजाचे कौतुक करावयास हा तरुण धावला होता, ही बाबही तितकीच लक्षणीय आहे. प्रतिपक्षाच्या उत्तम खेळाला दाद देणे ही रसिकतेची कसोटी होय.

स्त्रियांचा ह्या आनंदातील वाटा दीर्घकाळ मर्यादित होता. कुस्तीच्या फडात तर त्यांची उपस्थिती अपवादानेच आढळे. २०२३ मध्ये सांगली येथे महिलांसाठी महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. त्याच वर्षी महिलांच्या प्रीमिअर लीगचा पहिला हंगाम मुंबई व नवी मुंबई येथे पार पडला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेस हरवून प्रथमच विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रेक्षागारात मुली व स्त्रिया मोठ्या संख्येने उपस्थित होत्या.

क्रीडारसिकाचे वर्ष आता पंचांगावर वा पावसावर अवलंबून राहिलेले नाही. तरीही यात्रेतील फड, पावसाळी क्रिकेट व पेठांचे फुटबॉल ह्यांनी घडविलेली जाणकारी हाच मराठी रसिकतेचा पाया आहे. खेळ पाहणाऱ्यांची संख्या माध्यमांनी वाढविली. पण खेळ कळणारा प्रेक्षक घडतो तो मैदानाच्या सान्निध्यात. म्हणून सार्वजनिक मैदानांचे जतन हा खेळाडूंइतकाच रसिकांच्याही हिताचा प्रश्न ठरतो.