वाकड्या खिडकीचा इतिहास

घरातील खिडकीला प्रथमच स्वहस्ते पडदा बसवू पाहणाऱ्याची एक ठरलेली तक्रार असते : खिडकीचे मापच चुकीचे आहे. येथे पडदा म्हणजे चुण्यांचा कापडी पडदा नव्हे. तो चार बोटे अधिक-उणा झाला तरी निभावून जाते. आम्ही बोलत आहोत ते पट्ट्यांच्या वा गुंडाळीच्या पडद्याविषयी, ज्याला बाजारात ब्लाइंड म्हणतात. तयार ब्लाइंड एक तर चौकटीत शिरत नाही, नाही तर कडेने उन्हाची तिरीप आत सोडतो, आणि दोष खिडकीच्या माथी येतो. खिडकी भिंतीत दोन पिढ्या उभी आहे, ब्लाइंड काल कारखान्यातून आला. तरीही चूक खिडकीची कशी? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

एके काळी खिडकीला 'योग्य' असे माप नव्हतेच. सुतार हाती आलेल्या लाकडाप्रमाणे चौकट करी, गवंडी तिच्याभोवती भिंत उचली, आणि मग पावसाळ्यांनी फुगून, उन्हाळ्यांनी आटून ती चौकट आपला आकार स्वतः ठरवी. आपल्याकडचा चिकाचा किंवा वाळ्याचा पडदा तीच खिडकी पाहून बांधला जाई. युरोपातही वेगळे नव्हते. आडव्या पट्ट्यांच्या 'व्हेनिशियन' पडद्याचे पेटंट एडवर्ड बेव्हन यांनी लंडनमध्ये १७६९ साली घेतले. पट्ट्यांचा कोन हवा तसा बदलण्याच्या सुधारणेचे पेटंट न्यू ऑर्लिन्सच्या जॉन हॅम्पसन यांनी १८४१ साली घेतले. पण अशा पडद्याची कल्पना कोणाचीही असली तरी तो घडवणारा कारागीर माप घ्यायला घरी येई. खिडकी आधी, पडदा नंतर, हा क्रम अबाधित होता.

हा क्रम उलटण्याचे एक ठळक चिन्ह १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये दिसले. इंग्लंडमधील काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, आणि १६९६ पासून चालत आलेला खिडक्यांवरचा कर याच १८५१ साली रद्द झाला. त्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी 'क्रिस्टल पॅलेस' उभारला. त्याला सुमारे तीन लाख काचा लागल्या, बहुतेक एकाच मापाच्या : लांबी ४९ इंच, रुंदी १० इंच. आणि खांबांमधील २४ फुटांचे अंतर या काचेच्या मापाशी जुळवून आखले गेले. तोवर खिडकीसाठी काच कापत. येथे काचेसाठी इमारत आखली गेली. पुढे १८६४ साली स्ट्युअर्ट हार्टशॉर्न यांनी अमेरिकेत स्प्रिंगच्या गुंडाळीचे पेटंट घेतले, आणि पडदाही कारागिराच्या हातून कारखान्याकडे गेला. वस्तू स्वस्त झाली, सामान्यांच्या घरी पोहोचली. हा लाभ आम्ही मुळीच कमी लेखत नाही. मात्र कारखान्याला मोजकी मापे सोयीची असतात, आणि सोयीचे माप काही काळाने 'बरोबर' माप म्हणवू लागते.

नवशिक्याने वाकड्या खिडकीशी कसे वागावे, हेही या इतिहासातून कळते : जुन्या कारागिराप्रमाणे खिडकीचे आधी ऐकून घ्यावे. पडदा चौकटीच्या आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत लहान आकडा धरावा. दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान नसतील तर चौकट काटकोनात नाही. फरक फारच असेल तर पडदा चौकटीबाहेर, भिंतीवर लावावा आणि दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच अधिक घ्यावा, म्हणजे वाकडेपणा झाकला जातो. गुंडाळीची नळी मात्र चौकटीच्या कडेशी समांतर नव्हे, पाणसळीने समपातळीत बसवावी. ती कलली की कापड एका बाजूला सरकत जाऊन कडेला चुरगळते. गरज पडल्यास एका ब्रॅकेटखाली पातळ पाचर द्यावी. ही पाचर म्हणजे घर आणि कारखाना यांच्यातील तडजोड होय.

हा सारा प्रश्न केवळ सौंदर्याचा असता तर आम्ही त्यावर इतके लिहिले नसते. पडद्याच्या लोंबत्या दोरीचा गळ्याला फास बसून लहान मुले दगावल्याच्या घटना अमेरिकेत अनेक वर्षे नोंदल्या गेल्या. अखेर तेथील उद्योगाच्या मानकानुसार डिसेंबर २०१८ पासून तयार मापाच्या पडद्यांवरील मोकळ्या लांब दोऱ्या बंद झाल्या. मागणीप्रमाणे मापाने बनवलेल्या पडद्यांना मात्र काही अटींवर दोरीची मुभा राहिली. तेथे कठोर नियम जून २०२४ पासून आला. म्हणजे बाजाराच्या मापात बसणाऱ्या खिडकीजवळचे मूल आधी सुरक्षित झाले. वेड्यावाकड्या खिडकीजवळच्या मुलाला साडेपाच वर्षे वाट पाहावी लागली. दोरीचे जुने पडदे अजून कित्येक घरांत आहेत. तेथे दोरी मुलाच्या हाती लागणार नाही इतक्या उंचीवर भिंतीच्या खुंटीला गुंडाळून ठेवावी आणि पाळणा खिडकीपासून दूर सरकवावा, एवढे तरी आजच करता येते.

प्रमाणीकरणाचे लाभ प्रथम त्यांना मिळतात जे आधीच प्रमाणात बसतात. उरलेल्यांना मोजणी स्वतः करावी लागते, जादा दाम द्यावा लागतो आणि वर 'तुमचेच माप चुकीचे' हेही ऐकावे लागते. खिडक्यांबाबत हे सहज दिसते, कारण तेथे हाती टेप असतो. म्हणूनच, एखादी जुनी चौकट उखडून तिच्या जागी बाजारच्या मापाची बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर ती कोणाच्या मापाने चुकली एवढे विचारून घ्यावे. उत्तर येईपर्यंत तीन ठिकाणी रुंदी मोजून होते.