ओढ्यावरचे दिवे

मंडळी, पुष्कळ दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता दिसतंय छान, तेव्हा सबब उरली नाही.

गेल्या वर्षी लेकीकडे न्यूकॅसलला होतो. एका रविवारी जावईबापूंनी तासाभराच्या अंतरावर रॉथबरी गावाजवळचं 'क्रॅगसाइड' हे घर दाखवायला नेलं. जगात पाण्याच्या विजेवर उजळलेलं पहिलं घर म्हणून ते सांगितलं जातं. घर कसलं, डोंगरउतारावरचा वाडाच!

बाकी सगळे चित्रं, जिने, भलीमोठी संगमरवरी चूल बघत होते. मी मात्र वाचनालयातल्या फुलदाण्यांपाशी थबकलो. तांब्याच्या फुलदाण्या, वर मीनाकाम, आणि डोक्यावर विजेचा दिवा. त्यांची करामत ऐका. फुलदाणी तांब्याची म्हणून वीज परतायला तीच तार. आणि यायला? खालच्या बैठकीत मधोमध पाऱ्याची एक छोटी वाटी. फुलदाणीच्या पोटातून आलेल्या तारेचं उघडं टोक त्या पाऱ्यात बुडलं की दिवा लागायचा. फुलदाणी उचलली की विझायचा. बटण वगैरे काही नाही! आज असं कुणी घरात केलं तर सगळ्यांनी डोक्याला हात लावला असता.

हे घर बांधलं विल्यम आर्मस्ट्राँग यांनी. जन्म १८१०, शिक्षण वकिलीचं आणि वेड पाण्याचं. १८३५ साली डेंटडेलच्या खोऱ्यात गळ टाकून बसले असताना त्यांचं लक्ष एका पाणचक्कीकडे गेलं. एवढं पाणी वरून खाली येतंय आणि चाक त्यातली जेमतेम विसाव्या हिश्शाची ताकद वापरतंय, हे त्यांच्या मनाला लागलं. (मासे मिळाले की नाही, कोण जाणे.) पुढे पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्रेन त्यांनी काढल्या, मोठा कारखाना उभा केला. १८६३ साली क्रॅगसाइडचं बांधकाम सुरू झालं. ओढे अडवून तळी केली. पाण्याच्या दाबावर घरातली लिफ्ट चालायची आणि मुदपाकखान्यात मांस भाजायची सळईसुद्धा फिरायची.

१८७८ साली डेब्डन ओढ्याच्या पाण्यावर एक सीमेन्सचा डायनामो बसवून त्यांनी चित्रदालनात कमानी दिवा लावला. तो डोळे दिपवणारा. घरात बसून वाचायच्या कामाचा नाही. मग १८८० च्या डिसेंबरात त्याच भागातल्या जोसेफ स्वान यांचे काचेचे बल्ब आले. जानेवारी १८८१ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी 'द इंजिनियर' या नियतकालिकाला पत्र लिहून सगळा हिशेब दिला. पाण्याची उंची २९ फूट, टर्बाइन ६ अश्वशक्तीचं, घरापासून अंतर १५०० यार्ड, म्हणजे जवळजवळ १.४ किलोमीटर. दिवे ४५, पण खोली बदलली की मागचे बंद करायचे, त्यामुळे एका वेळी ३७ च्या वर कधी लागत नाहीत. ६ अश्वशक्ती म्हणजे साडेचार किलोवॅट. आपले दोन-तीन गीझर. त्यात अख्खं घर! पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेत ॲपलटन इथे ओढा सोडून नदीवर असंच केंद्र सुरू झालं.

एक मात्र लिहिलं पाहिजे. यातला बराच पैसा तोफांचा. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात त्यांनी नवी तोफ काढली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंना त्यांच्या कारखान्याच्या तोफा गेल्या. मी ३४ वर्षं इतिहास शिकवला, अशी माणसं एका रकान्यात बसवणं मला कधीच जमलं नाही. याच गृहस्थांनी १८६३ मध्ये, भर कोळशाच्या मुलखात, कोळसा संपणार असं भाषणात बजावलं होतं.

आता खरं सांगायचं ते.

१९७६ साली मी मुळशी खोऱ्यातल्या एका शाळेत होतो. ज्या खोऱ्यासाठी सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, तेच. धरण झालं, पाणी भिऱ्याला उतरून वीज मुंबईला गेली, आणि आमच्या शाळेत कंदील. आमचे विज्ञानाचे सर हिकमती. शाळेमागच्या पाटावर त्यांनी सायकलचं चाक आडव्या कांबीवर बसवलं, रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून त्याला पंखे लावले, चाकाला सायकलचाच डायनामो टेकवला. दहावीच्या पोरांच्या अभ्यासाच्या खोलीत एक बल्ब लागला. उजेड कंदिलाएवढाच, पण पोरं पहिले चार दिवस पुस्तकाऐवजी बल्बकडेच बघत बसली.

हे बांधणं सोपं होतं हो. खरी मेहनत नंतरची. पाटाच्या तोंडाशी जाळी होती. ती रोज सकाळी झाडाच्या पानांनी भरायची. रोज उपसायची. कांबीला तेल, ढिले झालेले पंखे पुन्हा ठोकायचे. सर ते न चुकता करायचे. गणपतीला ते गावी निघाले तेव्हा मला म्हणाले, "पाटील, फक्त जाळी बघा."

मी दोन दिवस बघितली. मग सहामाहीचे पेपर काढायचे होते, पाऊस होता, कंटाळा होता. तिसऱ्या-चौथ्या रात्री जाळी तुंबली, पाणी पाटाच्या कडेने फुटलं. चाक, डायनामो सगळं ओढ्यात गेलं आणि खालच्या एका गड्याच्या खाचराचा बांधही गेला. भात लोंबीवर आलं होतं.

सर परत आले. मुख्याध्यापकांसमोर म्हणाले, "पाणी अचानक वाढलं, कुणाचा दोष नाही." मी शेजारी उभा होतो. काही बोललो नाही. त्या गड्याला नुकसानभरपाई सरांनी स्वतःच्या पगारातून दिली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

क्रॅगसाइडला २०१४ मध्ये तळ्याखाली १७ मीटर लांबीचा आर्किमिडीजचा स्क्रू बसवला, त्यावर पुन्हा वीज केली. तिथे मी बराच वेळ उभा राहिलो. लेक म्हणाली, "बाबा, चला, बंद व्हायची वेळ झाली." मी त्याचा फोटो काढला आणि सरांना पाठवला. ते आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत, नातीकडून व्हॉट्सॲप वाचून घेतात.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : "छान. जाळी कोण काढतं?"

मी अजून काही लिहिलेलं नाही. पुण्याला गेलो की समक्षच जाईन म्हणतो.