एका मारामारीच्या चित्रपटाची कुळकथा

मारामारीच्या चित्रपटाला कथानक लागत नाहीं, असा सुशिक्षित प्रेक्षकांचा एक जुना समज आहे. आणि तो सर्वस्वीं खोटा आहे असेंही म्हणतां येत नाहीं. खलपुरुष नायकाला डिवचतो, हातघाई होते, माणसें आडवीं होतात आणि मंडळी टाळ्या वाजवून घरीं जातात. परंतु या तुच्छ लेखलेल्या जातीचा एक चित्रपट असा आहे कीं, त्याचा इतिहास पाहिल्यावर हा समज थोडा सैल करावा लागतो. तो म्हणजे १९७१ च्या ऑक्टोबरांत हाँगकाँगमध्यें झळकलेला ‘द बिग बॉस’.

चिनी पडद्यावर मारामारी कांहीं नवी नव्हती. १९२८ सालीं शांघायमध्यें निघालेल्या ‘लाल कमळाच्या मंदिराचें दहन’ या मूकपटाचे लागोपाठ इतके भाग निघाले कीं, अखेर सरकारला असल्या चित्रपटांवर बंदी घालावी लागली. पुढें १९४९ पासून हाँगकाँगमध्यें वाँग फेई-हुंग या वैद्य व युद्धविद्यागुरूच्या पराक्रमांची चित्रमालिका सुरू झाली. १९६० नंतरच्या दशकांत शॉ बंधूंच्या भव्य चित्रशाळेंतून तलवारबाजीचे रंगीत चित्रपट निघूं लागले.

या बलाढ्य संस्थेंतून बाहेर पडून रेमंड चौ यांनीं १९७० सालीं ‘गोल्डन हार्वेस्ट’ ही लहानशी कंपनी काढली. जवळ पैसा थोडा. अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर दुय्यम भूमिका करून निराश झालेल्या ब्रूस ली या तीस वर्षांच्या नटाला त्यांनीं दोन चित्रपटांसाठीं १५,००० अमेरिकन डॉलरांवर करारबद्ध केलें. सारा चित्रपट सुमारें एक लक्ष डॉलरांत उरकावयाचा होता. म्हणून मंडळी थायलंडमधील पाक चाँग या आडगांवीं गेली. आरंभींचा दिग्दर्शक मध्येंच बदलला आणि लो वे यांनीं काम पुरें केलें. बर्फाचा कारखाना खराच होता. आवाज मागाहून भरावयाचा, त्यामुळें संवादांना फारशी किंमत नाहीं. मारामारीची आंखणी करणारे हान यिंग-चिए यांनींच खलनायकाची भूमिकाही केली. काटकसर लपत नाहीं: उंच उड्यांमागचा झुलता पट्टा ओळखूं येतो, आणि एका प्रसंगीं ठोसा खाल्लेला गडी लाकडी भिंतीला माणसाच्या आकृतीचें भोंक पाडून पलीकडे जातो, तेव्हां हंसूं आवरत नाहीं.

कथा चार ओळींची आहे. चेंग नांवाचा गरीब तरुण चीनमधून थायलंडांत भावंडांकडे येतो व त्यांच्याबरोबर बर्फाच्या कारखान्यांत कामाला लागतो. बर्फाच्या लाद्यांतून मालक मादक द्रव्यें चोरून पाठवीत असतो. ज्यांना तें कळतें ते मजूर नाहींसे होतात. परंतु चेंगनें न लढण्याचें वचन आईला दिलें आहे. त्याची खूण म्हणून जेड या हिरव्या पाषाणाचें पदक त्याच्या गळ्यांत आहे. म्हणून चित्रपटाचा जवळजवळ अर्धा भाग हा निष्णात लढवय्या मुठी आंवळून नुसता पाहत उभा राहतो. पुढें झटापटींत तें पदक तुटतें, आणि मग त्याचा हात सुटतो. प्रेक्षकांचा इतका वेळ दाबलेला संताप त्या एका क्षणीं मोकळा होतो. कथानक जें करूं शकलें नाहीं, तें त्या संयमानें केलें.

या चित्रपटाच्या नांवाची गोष्टही बोधप्रद आहे. मूळ चिनी नांवाचा आशय ‘मायदेशाहून आलेला थोरला भाऊ’ असा आहे. म्हणजे तें नायकाचें नांव. इंग्रजी नांव मात्र कारखान्याच्या मालकाचें झालें. मराठींत ‘दादा’ हा एकच शब्द दोघांनाही लागू पडतो: पाठीशीं उभा राहणारा वडील भाऊ आणि गल्लीला धाकांत ठेवणारा गुंड. या चित्रपटांतील झुंज याच दोन दादांची आहे. ज्या हाँगकाँगमध्यें चीनमधून आलेल्या निर्वासितांचा भरणा मोठा होता, तेथें परमुलुखांत राबणाऱ्या मजुराचें हें दुःख कोणाला समजावून सांगावें लागलें नाहीं. चित्रपटानें सुमारें ३२ लक्ष हाँगकाँग डॉलर मिळविले आणि ‘द साउंड ऑफ म्यूझिक’चा तेथील विक्रम मोडला.

तथापि हा विजय निर्भेळ नाहीं. चेंग मालकाला मारतो खरा. पण तोंवर त्याचीं भावंडें मारलीं गेलेलीं असतात, आणि शेवटीं पोलीस त्याला धरून नेतात. मूठ सूड घेऊं शकते, गेलेलें घर परत आणूं शकत नाहीं, हें त्या साध्या कथेनें लपविलेलें नाहीं. स्वतः ब्रूस ली यांनाही यशाचा काळ थोडाच लाभला. २० जुलै १९७३ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, ते हाँगकाँगमध्यें निवर्तले. स्वस्तांत उरकलेला त्यांचा तो पहिला मोठा चित्रपट मात्र टिकून राहिला; कारण त्यांत मारामारी पुष्कळ असली, तरी पहिला ठोसा मारावयास नायकाला फार जड गेलें होतें.