पटनोंदणी

पटनोंदणी म्हणजे शाळेच्या कार्यक्षेत्रातील प्रवेशयोग्य वयाच्या बालकांचा शोध घेऊन, त्यांच्या कुटुंबांना शाळेची माहिती देऊन त्या बालकांची नावे शाळेच्या पटावर दाखल करण्याची प्रक्रिया होय. महाराष्ट्रात जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या प्राथमिक शाळा ही प्रक्रिया दरवर्षी राबवतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिला आरंभ होतो आणि जूनमधील प्रवेशोत्सवापर्यंत ती चालते.

पटनोंदणीचा मूळ हेतू एकही बालक शिक्षणापासून वंचित राहू नये, हा आहे. मात्र पटसंख्येवर शिक्षकांची पदे आणि लहान शाळांचे अस्तित्व अवलंबून असल्यामुळे गावातील शाळा टिकवण्याचे साधन म्हणूनही तिला महत्त्व प्राप्त झाले आहे.

संज्ञा

‘पट’ या शब्दाचा येथील अर्थ नामावली असा आहे. ‘हजेरीपट’, ‘पटसंख्या’, ‘पटावरील विद्यार्थी’ हे शब्दप्रयोग त्यावरूनच रूढ झाले. पटावर घेतलेल्या बालकाची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये होते. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात आणि प्रवेशाचा दिनांक हा तपशील त्यात असतो. शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदीवरून दिला जातो. पुढे अनेक दशकांनी जातीच्या वा वयाच्या पुराव्यासाठीही हीच नोंद पाहिली जाते.

जन्मनोंदीचा प्रसार नव्हता, त्या काळात मुलाचे वय शिक्षक अंदाजाने ठरवीत. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने प्रवेशाच्या वेळी वय पूर्ण दिसावे, म्हणून १ जून ही जन्मतारीख सर्रास लिहिली जाई. महाराष्ट्रातील जुन्या पिढीत १ जून रोजी जन्मलेल्यांची संख्या मोठी दिसते, ती यामुळे.

इतिहास

कुटुंबांना शाळेकडे वळवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून आढळतात. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. मुलींना घराबाहेर पाठवण्यास समाजाचा तीव्र विरोध होता, त्यामुळे विद्यार्थिनी मिळवणे हेच या कार्याचे पहिले आव्हान होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली.

संस्थानांनी सक्तीचा मार्ग अनुसरला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा मार्ग मन वळवण्याचा होता. १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यानंतर ते खेडोपाडी फिरून पालकांना भेटत, मुले जमवत आणि त्यांच्या वसतिगृहासाठी धान्य गोळा करीत. दुर्गम भागातील शिक्षकांच्या गृहभेटींत याच परंपरेचे रूप आढळते.

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाची माध्यान्ह भोजन योजना सुरू झाली. मोफत पाठ्यपुस्तके व गणवेश यांच्या जोडीने शालेय पोषण आहार हेही गरीब कुटुंबांसाठी मुलांना शाळेत पाठवण्याचे एक कारण ठरले.

कायदेशीर चौकट

२००२ साली झालेल्या ८६व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला. त्यानुसार ६ ते १४ वयोगटातील बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. तो अंमलात आणणारा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पटनोंदणीशी निगडित अशा त्याच्या प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

• आपल्या क्षेत्रातील १४ वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे.
• वयाचा पुरावा नाही, या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही.
• प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही, तसेच बालकाची वा पालकांची चाचणी वा मुलाखत घेता येत नाही.
• शाळेत कधीही न गेलेल्या किंवा शिक्षण अर्धवट राहिलेल्या बालकास त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो.
• शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असणे आवश्यक आहे.

या तरतुदींमुळे शाळेत येणे हा बालकाचा हक्क ठरला आणि त्याला शोधून काढण्याचा भार कुटुंबाकडून शासनयंत्रणेकडे आला.

वार्षिक क्रम

पहिलीच्या प्रवेशासाठी शिक्षक अंगणवाडीतील नोंदी व ग्रामपंचायतीची जन्मनोंद पाहून दाखलपात्र बालकांची यादी तयार करतात. यादीतील प्रत्येक घरी भेट दिली जाते. गुढीपाडव्याला नवे कार्य आरंभण्याच्या प्रथेचा आधार घेऊन अनेक जिल्ह्यांत ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ या घोषवाक्याखाली प्रवेशाचा शुभारंभ केला जातो.

२०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी अभियान राबवण्यात येते. त्यात एप्रिलमध्ये एक आणि जूनमध्ये दुसरा, असे दोन मेळावे होतात. मेळाव्यात नावनोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषाविकास, गणनपूर्व तयारी आणि मातापालक मार्गदर्शन, असे सात टप्पे मांडलेले असतात. बालकाने प्रत्येक टप्प्यावर केलेल्या कृतीची नोंद विकासपत्रावर होते. मधल्या सुट्टीच्या काळात वस्तीवरील मातांचे गट घरच्या वस्तूंच्या साहाय्याने मुलांची तयारी करून घेतात. प्रवेशापूर्वीच आईचा शाळेशी संबंध जुळतो, हे या अभियानाचे वैशिष्ट्य होय.

जूनमध्ये शाळा उघडण्याच्या दिवशी प्रवेशोत्सव साजरा होतो. प्रभातफेरी, सजवलेल्या बैलगाडीतून वा ट्रॅक्टरमधून नवागतांची मिरवणूक, औक्षण, रंगात बुडवलेल्या पावलांचे ठसे, पाठ्यपुस्तकांचे वाटप आणि गोड जेवण हे त्याचे नेहमीचे भाग आहेत. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे शाळा काही दिवस उशिरा सुरू होतात.

३० सप्टेंबर रोजीची पटसंख्या शिक्षकांच्या संचमान्यतेसाठी आधारभूत मानण्यात येते. विद्यार्थ्यांची माहिती २०१५ पासून ‘सरल’ या संगणकीय प्रणालीत भरली जाऊ लागली.

कुटुंबांना दिली जाणारी माहिती

पालकांच्या मनातील प्रश्न बहुधा सारखेच असतात. वर्गाला स्वतंत्र शिक्षक आहे का, इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवतात, मुलींसाठी स्वच्छतागृह व पाणी आहे का, रस्त्यात ओढा वा महामार्ग ओलांडावा लागतो का आणि चौथीनंतर मुलाने कोठे जायचे, या प्रश्नांची नेमकी उत्तरे पालकांना हवी असतात. मराठी माध्यमाच्या शाळांत जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय शिकवला जातो, ही बाबही अनेक कुटुंबांना गृहभेटीतच समजते. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्ग अनेक जिल्हा परिषद शाळांनी सुरू केले आहेत.

माहितीची भाषाही महत्त्वाची ठरते. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली अशा भागांत भिली, पावरी, कोरकू, गोंडी या घरच्या भाषा असल्याने छापील मराठी पत्रकाचा उपयोग मर्यादित राहतो. तेथे वस्तीवरील ओळखीच्या व्यक्तीने केलेले बोलणे अधिक उपयुक्त ठरते. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड व इंग्रजी या आठ माध्यमांच्या शाळा चालवते. २०२२ साली तिने ‘मिशन अ‍ॅडमिशन’ ही विशेष प्रवेशमोहीम हाती घेतली होती.

ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. दिवाळीच्या सुमारास गाव सोडणारी मुले जूनमध्ये पटावर असली, तरी हिवाळ्यात वर्गात नसतात. अशा मुलांना शिक्षण हमी कार्ड देऊन कारखाना परिसरातील शाळेत प्रवेश मिळवून देण्याची, तसेच काही गावांत हंगामी वसतिगृहे चालवून मुलांना गावातच ठेवण्याची पद्धत आहे.

पटसंख्येचे परिणाम

शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन आणि ६१ ते ९० विद्यार्थ्यांसाठी तीन शिक्षक असावेत. म्हणजे अशा टप्प्याच्या सीमेवर एखाद्या मुलाच्या येण्या-जाण्याने संपूर्ण पद मिळू वा जाऊ शकते. एक शिक्षक कमी झाला की उरलेल्यांकडे अनेक इयत्ता एकत्र येतात. ते पाहून आणखी काही पालक मुले काढून घेतात आणि पट पुन्हा घसरतो. हे चक्र एकदा सुरू झाले की केवळ प्रचाराने थांबत नाही.

२०१७ च्या अखेरीस राज्य शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय जाहीर केला. २०२३ साली वीसपर्यंत पट असलेल्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा अशा शाळांची संख्या १४,७८३ असल्याचे सांगण्यात आले. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील समूह शाळांचा दाखला देण्यात आला. एकत्रित शाळेत वर्गवार शिक्षक, ग्रंथालय व क्रीडांगण देता येते, असे समर्थक म्हणतात. विरोधकांच्या मते अंतर वाढले की सर्वप्रथम मुलींचे आणि दुर्गम वस्तीवरील बालकांचे शिक्षण थांबते.

देशपातळीवरील कलही अस्थिर आहे. ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातील ६ ते १४ वयोगटात शासकीय शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील ६५.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये ६६.८ टक्क्यांवर आले. कोविडकाळात शासकीय शाळांकडे आलेल्या कुटुंबांपैकी बऱ्याच जणांनी नंतर पुन्हा खाजगी शाळांचा पर्याय निवडला, असा त्याचा अर्थ लावला जातो.

उल्लेखनीय उदाहरणे

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातील वाबळेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेची उभारणी लोकसहभागातून झाली. तेथे प्रवेशासाठी बाहेरगावच्या पालकांची प्रतीक्षायादी लागत असे. खेड तालुक्यातील जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळेस २०२५ सालच्या जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. विद्यार्थ्यांनी एकमेकांना शिकवण्याची पद्धत हे तिचे वैशिष्ट्य आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत वापरून पाठ व कविता विद्यार्थ्यांच्या घरी भ्रमणध्वनीवर उपलब्ध करून दिल्या होत्या. या उदाहरणांत शाळेतील प्रत्यक्ष अध्यापन हेच पालकांच्या विश्वासाचे मुख्य कारण ठरले.

गैरप्रकार व टीका

पटसंख्येशी पदे व अनुदान जोडलेले असल्याने बोगस नावे दाखवण्याचे प्रकारही घडले. नांदेड जिल्ह्यातील तपासणीत असे प्रकार उघड झाल्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर एकाच वेळी विशेष पटपडताळणी झाली. एकच विद्यार्थी दोन शाळांत मोजला जाऊ नये, म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली होती. पुढील काळात आधार क्रमांकाची जोडणी हा पडताळणीचा आधार झाला. परंतु आधार नोंदणी नसलेली वा तपशील न जुळणारी खरी मुलेही त्यामुळे मोजणीबाहेर राहतात, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे.

प्रवेशासाठी सायकल, दप्तर किंवा रोख रकमेच्या ठेवीचे आमिष दाखवण्याच्या प्रथेवरही टीका होते. एकाच परिसरातील दोन शासकीय वा अनुदानित शाळांनी अशा मार्गाने एकमेकींचे विद्यार्थी वळवल्यास एकूण पटात कोणतीही भर पडत नाही. फलकांवर व समाजमाध्यमांवर मुलांची छायाचित्रे वापरण्याबाबतही अलीकडे सावधगिरी बाळगली जाते. अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ यात १८ वर्षांखालील व्यक्तींच्या विदेसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे.

पटनोंदणी आणि उपस्थिती या भिन्न गोष्टी आहेत, याकडेही अभ्यासक लक्ष वेधतात. पटावरील नाव बालकाच्या हक्काची नोंद करते, तर शाळेत तो किती दिवस आला आणि काय शिकला, हे हजेरीपट व मूल्यमापनातून कळते. म्हणून प्रवेशोत्सवानंतरही गृहभेटी, पालकसभा व शाळा व्यवस्थापन समितीच्या नियमित बैठका चालू ठेवणे आवश्यक मानले जाते.